इंटर्नशिपच्या पोस्टिंगांचा क्रम कसा लावायचा? ठाणे-नवी मुंबईच्या नव्या इंटर्नसाठी

फायनल एमबीबीएसचा निकाल लागला, की बॅचच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंपाठोपाठ एकच प्रश्न फिरायला लागतो: पीएसएम (सामाजिक वैद्यक, म्हणजे आरोग्य केंद्रातलं पोस्टिंग) शेवटी कोणाला आलंय? कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज असो, नेरुळचं डी. वाय. पाटील किंवा तेरणा असो, नाहीतर कामोठ्याचं एमजीएम, हा प्रश्न कुठेच चुकत नाही. सीनियरने सांगितलेलं असतं, त्याला त्याच्या सीनियरने. पण पीएसएम शेवटी का हवं, याचं उत्तर विचारलं तर नव्वद टक्के जण "अभ्यासाला वेळ मिळतो" एवढंच सांगतात. माझ्या मते क्रम ठरवताना परीक्षेचा, म्हणजे नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, नंबर तिसरा लागतो. आधी कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी शिकलेलं बरं ते बघायचं, मग ऋतू, मग परीक्षा. का, ते पुढे येईलच.

एक खुलासा. सेकंड आणि थर्ड इयरच्या क्लिनिकल पोस्टिंगांचा क्रम कॉलेज ठरवतं, त्यात आपलं काही चालत नाही. इंटर्नशिपमध्ये मात्र बॅच निवडताना किंवा अदलाबदल करताना थोडा वाव असतो. हा लेख त्या थोड्या वावाबद्दल आहे.

आधी कागद-पेन्सिल घ्या

एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यक आयोगाची) सध्याची इंटर्नशिपची नियमावली नोव्हेंबर २०२१ मधली आहे. तिच्यानुसार वर्षाचे ५२ आठवडे असे वाटलेले आहेत: पीएसएम १२, गायनॅक ७, मेडिसिन ६, सर्जरी ६, पेडियाट्रिक्स ३. सायकियाट्री, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो (हाडं), ईएनटी (कान-नाक-घसा), ऑप्थॅल (डोळे) आणि कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) प्रत्येकी २. फॉरेन्सिक आणि स्किन प्रत्येकी १. राहिलेले ४ इलेक्टिव्हचे (आपण निवडलेल्या विभागांचे), त्यातला एक आठवडा भारतीय वैद्यकाचा.

ही यादी नुसती वाचून डोक्यात राहत नाही. तिचे गठ्ठे करा. मेडिसिन, पेडियाट्रिक्स, सायकियाट्री आणि स्किन मिळून १२ आठवडे होतात. सर्जरी, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो, कॅज्युअल्टी मिळून १२. गायनॅक, ईएनटी, ऑप्थॅल, फॉरेन्सिक मिळून पुन्हा १२. पीएसएम एकटंच १२. म्हणजे चार सारखे गठ्ठे आणि वर ४ आठवडे इलेक्टिव्ह. तुमच्या कॉलेजने गट वेगळे पाडले असतील, हरकत नाही. पण असे गठ्ठे मांडले की वर्ष एका पानावर येतं आणि काय कुठे सरकवता येईल ते दिसतं.

पानाच्या वरच्या बाजूला बारा महिने लिहा. त्याखाली पावसाळा, दहीहंडी, गणपती, दिवाळी, घरातलं एखादं लग्न आणि परीक्षा यांच्या खुणा करा. मग ऑफिसमधून या वर्षीची बॅचवार यादी घ्या. जमलं तर गेल्या वर्षीचीही मिळवा, कारण बहुतेक ठिकाणी जुनीच यादी तारखा बदलून येते.

कुठलं कशाच्या आधी

इथे जरा जास्त वेळ थांबते, कारण बॅच निवडताना याचा विचार जवळजवळ कोणी करत नाही.

कॅज्युअल्टीच्या आधी अ‍ॅनेस्थेशिया. दोन आठवड्यांचं पोस्टिंग, ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) एसी, सीनियर सांगतात "आराम आहे". आराम करायचा तर करा, पण सकाळी पहिल्या केसला अ‍ॅनेस्थेटिस्टच्या बाजूला उभे राहा आणि मास्क धरायला मागा. अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी सी मास्कवर, उरलेल्या तीन बोटांचा ई जबड्याच्या हाडावर. पहिल्या वेळी सगळे मास्क खाली दाबतात. खरं तर जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. बोटं हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर श्वासमार्ग उघडण्याऐवजी बंद होतो. बॅग दाबल्यावर छाती वर येते की नाही ते बघायचं, मॉनिटर नंतर. हे ओटीत शांतपणे, मागे तज्ज्ञ उभा असताना दहा-बारा पेशंटवर केलेलं असेल, तर रात्री कॅज्युअल्टीत निळा पडलेला पेशंट आला की हात आपोआप जागेवर जातो. उलट क्रमाने आलात तर कॅज्युअल्टीत तुमच्या वाट्याला ट्रॉली ढकलणं आणि ब्लड बँकेत धावणं येतं.

कॅज्युअल्टीच्या आधी फॉरेन्सिकचा आठवडाही होऊन जाऊ दे. अपघात, मारामारी, विषप्राशन, भाजणं, सगळं एमएलसीत (पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या मेडिको-लीगल केसेसमध्ये) जातं. इंटर्नने स्वतःच्या सहीने वैद्यकीय किंवा मृत्यूचा दाखला, किंवा कुठलाही मेडिको-लीगल कागद द्यायचा नसतो, हे नियमात स्पष्ट आहे. तरी लिहून घेण्याचं काम तुमच्याकडेच येणार. जखम लिहिताना लांबी, रुंदी, जागा, कडा कशा आहेत हे कोणत्या क्रमाने लिहायचं ते फॉरेन्सिकच्या लेक्चररकडून एकदा नीट समजून घ्या. "डोक्याला मार" एवढं लिहिलेला कागद दोन वर्षांनी कोर्टात कोणाच्याच कामाचा नसतो.

गायनॅकला लागून पेडियाट्रिक्स. लेबर रूममध्ये बाळ जन्मल्यावर पहिलं एक मिनिट फार महत्त्वाचं असतं. पुसलं, ऊब दिली, तरी श्वास घेत नसेल तर त्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी. गायनॅकच्या सात आठवड्यांत हे तुम्ही आईच्या बाजूने बघता, पेडियाट्रिक्सच्या तीन आठवड्यांत बाळाच्या बाजूने. दोन्ही सलग असली तर तीच बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पुन्हा भेटतात आणि त्यांचं पुढे काय झालं ते कळतं. सहा महिन्यांचं अंतर पडलं की हा दुवा तुटतो.

स्किन आणि मेडिसिन पीएसएमच्या आधी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत खरूज, नायटा, ताप, खोकला, बीपी-शुगर यांचीच रांग असते. स्किनच्या एका आठवड्यात कुष्ठरोगाचा बधिर चट्टा एकदा स्वतःच्या बोटांनी तपासला असेल, तर गावात तो चुकत नाही.

ऑर्थो आणि सर्जरीत मला फारशी साखळी दिसत नाही. टाके घालायला दोन्हीकडे मिळतात. सायकियाट्री कुठेही ठेवा.

पाऊस आणि सण

ठाणे-नवी मुंबईत जुलै ते सप्टेंबरमध्ये मेडिसिनचं पोस्टिंग असणं म्हणजे वॉर्डात खाटांमध्ये गाद्या आणि गाद्यांमध्ये पाय ठेवायला जागा शोधणं. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, गॅस्ट्रो सगळं एकदम. बहुतेक जण हे महिने टाळायला बघतात. मी उलट सांगेन: मेडिसिन पावसाळ्यातच घ्या. सहाच आठवडे आहेत, आणि या भागात पुढे कुठेही प्रॅक्टिस केलीत तरी दर पावसाळ्यात हेच पेशंट येणार. डेंग्यूच्या पेशंटमध्ये नुसत्या प्लेटलेट्सवर नजर ठेवून चालत नाही. ताप उतरतो तोच काळ जास्त धोक्याचा. पोटात दुखायला लागणं, उलट्या न थांबणं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढणं, हे तेव्हा बघायचं असतं. पुस्तकात हे चार ओळींत असतं. वॉर्डात एकाच राउंडला दहा पेशंट दहा वेगवेगळ्या दिवशी असलेले दिसतात, तेव्हा ते डोक्यात बसतं.

दहीहंडीचं काय सांगायचं, ठाणेकरांना माहीतच आहे. त्या दिवशी कॅज्युअल्टी किंवा ऑर्थोत असाल तर संध्याकाळचा काही बेत आखू नका. मनगट, खांदा, मणका या क्रमाने गोविंदा येत राहतात. मणक्याला मार असेल तर उचलताना चार जण लागतात, हे त्याच्या पथकातल्या मुलांना आधी पटवावं लागतं.

पीएसएम शेवटी हवंच का?

आता मूळ प्रश्न. ही परंपरा आली कुठून ते तारखांवरून कळतं. नीट-पीजी २०१८ मध्ये ७ जानेवारीला, २०१९ मध्ये ६ जानेवारीला, २०२० मध्ये ५ जानेवारीला झाली. इंटर्नशिप मार्चच्या आसपास संपायची, म्हणजे परीक्षा इंटर्नशिप चालू असतानाच. तेव्हा परीक्षेच्या तोंडावर हलकं पोस्टिंग हवं, हा हिशेब बरोबर होता. नंतर ही परीक्षा २०२३ मध्ये ५ मार्चला, २०२४ मध्ये ११ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ३ ऑगस्टला झाली. तुमची इंटर्नशिप मार्च-एप्रिलमध्ये संपत असेल आणि परीक्षा ऑगस्टमध्ये असेल, तर मध्ये तीन-चार महिने मोकळे आहेत. मग शेवटच्या तिमाहीत पीएसएम मिळवायला एवढा आटापिटा कशासाठी? आणि परीक्षेची तारीख दर वर्षी सरकते, तिच्यावर सगळं वर्ष टांगून ठेवण्यात अर्थ नाही. आयएनआय-सीईटी (एम्ससारख्या संस्थांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) वर्षातून दोनदा होते. ती देणाऱ्यांनी मे आणि नोव्हेंबर हे महिने पानावर वेगळ्या रंगाने खुणावून ठेवावेत.

तरीही पीएसएम उशिरा असावं असं मलाही वाटतं, पण कारण वेगळं आहे. आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर तुम्हाला काय करू देतात, हे तुम्हाला काय येतं त्यावर ठरतं. गायनॅक करून गेलेल्या इंटर्नला डिलिव्हरीच्या टेबलाशी उभं करतात, कॉपर-टी बसवू देतात. पहिल्याच महिन्यात गेलेल्याला रजिस्टर भरायला बसवतात. बारा आठवडे रजिस्टर भरणं फार लांबतं.

केंद्र गावाकडे असेल आणि पावसाळ्यात जायचं असेल तर सर्पदंशाची तयारी करूनच जा. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत साप चावण्याच्या केसेस येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर ते द्यायचं की नाही हे ठरवायला एक साधी चाचणी असते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलि ताजं रक्त घ्यायचं, ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो. केंद्रावर पहिल्याच दिवशी ती नळी कुठे ठेवलीय, अँटी-स्नेक व्हेनमच्या व्हायल किती आहेत आणि अ‍ॅड्रेनलिन कुठे आहे, हे फार्मासिस्टला विचारून घ्या. विंचूदंशासाठी प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का तेही विचारा. हा उपचार रायगडमधल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात काम करतानाच जगासमोर आणला. कोकणातल्या इंटर्नला तो माहीत नसणं शोभत नाही.

पहिल्याच तिमाहीत पीएसएम आलं तर हातपाय गाळू नका. केंद्रातल्या एएनएम सिस्टरबरोबर लसीकरणाच्या दिवशी बसा, बाळांना इंजेक्शन कसं देतात ते शिका, ओपीडीत दर पेशंटचं बीपी स्वतः मोजा. बाकीचे वॉर्डात चुका करत शिकत असतात तेव्हा तुमचा हात इथे निवांत बसतो.

मला विचाराल तर

एप्रिलमध्ये सुरुवात होतेय असं धरू. आधी ऑप्थॅल, ईएनटी, फॉरेन्सिक: पाच आठवडे हॉस्पिटलची लिफ्ट, लॅब, ब्लड बँक, वॉर्डातले मामा-मावशी यांची ओळख करून घ्यायला. मग सात आठवडे गायनॅक. जूनच्या शेवटी किंवा जुलैला पेडियाट्रिक्स, त्याला लागून भर पावसात मेडिसिन, मग सायकियाट्री आणि स्किन. सप्टेंबरच्या मध्यापासून किंवा शेवटापासून सर्जरी, अ‍ॅनेस्थेशिया, कॅज्युअल्टी, ऑर्थो याच क्रमाने. इलेक्टिव्ह कॅलेंडरचं वर्ष संपताना, आणि जानेवारीपासून पीएसएम. यात सगळ्या साखळ्या जुळतात. सर्पदंशाचा मोसम मात्र निसटतो. दोन्ही मिळायचं नाही. मी मेडिसिनचा पावसाळा घेईन.

सप्लिमेंटरीला पास होऊन ऑक्टोबरच्या सुमारास सुरुवात करणाऱ्यांनी हाच क्रम फिरवावा: सर्जरीचा गठ्ठा आधी, मग पीएसएम, मग गायनॅक, आणि शेवटी पेडियाट्रिक्स-मेडिसिन पावसाळ्यात. नीट-पीजी २०२५ ला इंटर्नशिप ३१ जुलैपर्यंत पूर्ण हवी होती. अशी अट असली की ऑक्टोबरवाल्यांना त्या वर्षीची परीक्षा मिळतच नाही, मग तिच्यासाठी क्रम मोडण्यात काय हशील?

घर आणि गाडी

क्रम लावताना राहण्याचा विचार हमखास राहून जातो. डोंबिवली किंवा बदलापूरहून कळव्याला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही. ठाण्याहून नेरुळ किंवा कामोठ्याला जाणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर आहे. कामोठ्यासाठी पनवेल गाडीने मानसरोवरला उतरायचं. पण रात्री शेवटची गाडी गेली की रिक्षाचे पैसे स्टायपेंडमधून जातात. गायनॅक, मेडिसिन आणि सर्जरी या तिन्हींसाठी हॉस्टेलची खाट आधी पक्की करा, बाकीच्या पोस्टिंगांना घरून येजा चालते. ग्रामीण केंद्र शहापूरकडे असेल तर आसनगाव स्टेशन जवळचं, मुरबाडला कल्याणहून एसटी. पीएसएमचं केंद्र नेमकं कुठे आहे आणि तिथे राहायला खोली आहे का, हे बॅच निवडायच्या आधी विचारा.

अदलाबदल करायची असेल तर

बॅच कुठे रोल नंबरने, कुठे चिठ्ठ्या टाकून ठरते. हवी ती नाही मिळाली तर जोडीदार शोधा आणि पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी अर्ज करा. एकाच अर्जावर दोघांची नावं, रोल नंबर, दोघांची मूळ पोस्टिंगं आणि बदललेली पोस्टिंगं तारखांसह, आणि दोघांच्या सह्या. कारण एका ओळीत, खरं आणि साधं. मग दोन्ही विभागप्रमुखांची आणि इंटर्न-समन्वयकांची मंजुरी. ऑफिसमध्ये देताना प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. तोंडी "चालेल" म्हणणारे सर मार्चमध्ये बदलून गेले तर तुमच्या हातात तो शिक्काच असतो. आणि नुसत्या मैत्रीवर, अर्जाशिवाय बदल करू नका. मस्टरवर ज्याचं नाव, त्याचीच गैरहजेरी लागते.

सुट्ट्या आणि सह्या

वर्षभरात जास्तीत जास्त १५ दिवसांची रजा, तीही आधी परवानगी घेऊन. एका-दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये रजा टाकू नका. फॉरेन्सिकच्या आठवड्यातले तीन दिवस गेले तर उरतं काय? रजा मेडिसिन, सर्जरी किंवा पीएसएमसारख्या लांब पोस्टिंगमधून घ्या आणि युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी तर मुळीच नको, रेसिडेंट वर्षभर लक्षात ठेवतात.

लॉगबुकवर सह्या दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी युनिट हेड कॉन्फरन्सला किंवा मे महिन्याच्या सुट्टीवर गेलेले असतात, आणि पुढचं पोस्टिंग सुरू झाल्यावर मागच्या विभागात जायला तुम्हाला वेळ मिळत नाही. जे दिवस भरले नाहीत त्यांचं एक्स्टेंशन वर्षाच्या शेवटी त्याच विभागात लागतं. ते नीट-पीजीच्या मुदतीच्या एक दिवस जरी पुढे गेलं, तरी वर्ष हातचं जातं. म्हणून डिसेंबरमध्ये एकदा ऑफिसमध्ये जाऊन स्वतःची हजेरी तारखांसह तपासून घ्या. चूक असेल तर तेव्हा दुरुस्त होते. कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात आलं, की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या कायम नोंदणीचा अर्ज लगेच भरून टाका.